मुंबईत रोजच्या वापराला स्पोर्ट्स कार: घेण्याआधी काय बघायचं, घेतल्यावर काय सांभाळायचं

शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे शोरूममध्ये तुम्हाला न विचारता सांगतील. पार्ल्याहून लोअर परळला रोज ये-जा करणाऱ्याला मात्र वेगळेच आकडे लागतात: पुढच्या बंपरखाली किती जागा आहे, सोसायटीचा रॅम्प किती चढाचा आहे, आज भरती किती वाजता आहे आणि मागच्या टायरचा साइझ देशात मिळतो का.

माझी गाडी पोर्श ९११, सेकंडहँड. ती रविवारपुरती नाही. ऑफिस, बाजार, आईला डॉक्टरकडे नेणं, सगळं तिच्यावरच चालतं. त्यामुळे उदाहरणं ९११ची येतील. पण पोर्शचीच केमन, बीएमडब्ल्यू एम२, मर्सिडीजची एएमजी, काहीही घेणार असाल तरी क्रम हाच ठेवा. लॅम्बोर्गिनी किंवा फेरारी घेणाऱ्यांनी खालचं प्रत्येक माप आणखी कडक धरावं.

१. गाडी बघण्याआधी पार्किंग मोजा

मुंबईच्या विकास नियंत्रण नियमांत मोटारीसाठी दोन मापं आहेत: मोठी जागा २.५ बाय ५.५ मीटर, लहान २.३ बाय ४.५ मीटर. ९११ची लांबी साधारण साडेचार मीटर आणि रुंदी आरसे धरून दोन मीटरच्या आसपास. म्हणजे लहान जागेत गाडी बसते, पण तुम्ही बाहेर कसे पडणार? दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, ते अर्धंच उघडलं तर खाली बसलेल्या सीटवरून अंग वळवून निघताना पाठ आठवण करून देते. खांब कुठल्या बाजूला आहे ते बघा. उजवीकडे असेल तर गाडी उलटी लावून चालते का, तेही करून बघा.

यानंतर रॅम्प. नुसता चढ त्रास देत नाही. चढ सुरू होतो आणि संपतो ते दोन कोपरे त्रास देतात. खालच्या कोपऱ्यावर बंपरची कड लागते, वरच्या कोपऱ्यावर पोट. यावर एकच खात्रीची चाचणी आहे: टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या रस्त्यावर न घेता गाडी तुमच्या सोसायटीत आणायला सांगा. एक माणूस मोबाइलचा टॉर्च घेऊन बंपरपाशी खाली बसवा आणि गाडी पायी चालण्याच्या वेगाने उतरवा. सेल्समन कुरकुर करेल. करू द्या. या एका फेरीत जे कळतं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये छापत नाहीत. ऑफिसच्या बेसमेंटमध्येही हेच करा. बऱ्याच जणांचं घर पास होतं आणि ऑफिस नापास.

यांत्रिक म्हणजे स्टॅक पार्किंग असेल तर चार गोष्टी तपासा:

- ट्रेची वजनमर्यादा. ती तिथल्याच पाटीवर लिहिलेली असते.
- चाकांच्या पन्हाळीची रुंदी. आपले मागचे टायर ३०० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात आणि पन्हाळीची लोखंडी कड अलॉय हमखास खरवडते.
- ट्रेवर चढताना लागणारा उंचवटा.
- तुमच्या वर कोणाची गाडी येणार आहे. वरच्या गाडीचं ऑइल तुमच्या छतावर ठिबकतं, आणि त्यावरून झालेली भांडणं सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्षभर पुरतात.

खड्ड्यातलं पार्किंग, म्हणजे ज्यात खालचा ट्रे जमिनीखाली जातो, ते मिळत असेल तर घेऊ नका. पावसाळ्यात तिथला पंप बंद पडला की गाडी पाण्यात आणि लिफ्ट जाम, दोन्ही एकदम होतं.

प्लग पॉइंट मागून घ्या. या गाड्या उभ्या असतानाही बॅटरी खात राहतात. आठवडाभर बाहेरगावी गेलात तर बॅटरी मेंटेनर लावून ठेवावा लागतो. सेक्रेटरींना अर्ज द्या, सबमीटरचा खर्च तुम्ही उचलाल असं त्यातच लिहा, म्हणजे विषय लवकर संपतो. उंदरांचा बंदोबस्तही पहिल्या दिवसापासून करा. वायरिंग कुरतडलेली गाडी महागडी असो की साधी, उंदराला फरक पडत नाही; बिलात मात्र पडतो.

२. रोजचा रस्ता दुसऱ्या गाडीने फिरून लिहून काढा

इंडियन रोड काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा असं आहे. तसा बांधलेला असेल तर बहुतेक स्पोर्ट्स कार हळू गेल्यावर न घासता पार होतात. आपल्या गल्लीत असतो तो रातोरात सिमेंट ओतून केलेला अरुंद उंचवटा, नाहीतर बोल्ट मारलेली रबरी पट्टी. गाडी घासते ती तिथे.

म्हणून सध्याच्या गाडीने घर ते ऑफिस जा आणि वहीत लिहा: कुठल्या गल्लीत कसला स्पीडब्रेकर, कुठे पेव्हर ब्लॉक खचलेत, कुठे काँक्रिटीकरणाचं खोदकाम चालू आहे आणि नवा रस्ता जुन्यापेक्षा वर राहिलाय. ही शेवटची जागा विसरू नका. काँक्रीट आणि डांबर जिथे भेटतात तिथली पायरी कधीकधी स्पीडब्रेकरपेक्षा वाईट असते, कारण तिच्यावर पिवळे-पांढरे पट्टे नसतात.

स्पीडब्रेकर तिरका घ्या, एकेक चाक चढवत. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवेल, पण बंपरचा खर्च तो देणार नाही. पुढची लेन मोकळी नसताना तिरकं जाण्याची घाई करू नका, बाजूने बाइक घुसलेली असते.

गाडीत फ्रंट ॲक्सल लिफ्टचा, म्हणजे बटण दाबून पुढचा भाग उचलण्याचा ऑप्शन असेल तर डोळे मिटून घ्या. सध्याच्या पिढीच्या ९११मध्ये ती नाक सुमारे ४० मिलिमीटर वर उचलते. नव्या गाड्यांत एकदा उचललेली जागा जीपीएसने लक्षात ठेवण्याचीही सोय असते. सेकंडहँड बघताना कार्बन फायबरचे तुकडे, रंगीत शिलाई वगैरे सोडून द्या आणि लिफ्ट असलेली गाडी शोधा. मुंबईत एवढ्या कामाचा दुसरा ऑप्शन नाही. लिफ्ट कमी वेगातच चालते, त्यामुळे बटण अडथळ्यावर आल्यावर नव्हे, चार गाड्या आधी दाबायचं.

आपल्या शहराने अशा गाडीला दिलेली मोठी सोय म्हणजे किनारी रस्ता. वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि त्याला जोडून मरीन ड्राइव्हपर्यंतचे १०.५८ किलोमीटर: स्पीडब्रेकर नाहीत, सिग्नल नाहीत आणि दुचाकी, रिक्षांना बंदी. तुमचा रोजचा प्रवास यावरून असेल तर बाजू बरीच भक्कम झाली. अंधेरी-कुर्ला रोडवरून असेल तर पुढचा मुद्दा वाचून पुन्हा एकदा विचार करा.

३. मॉडेल निवडताना

मागे सीट आहे का? ९११च्या मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, पण शाळकरी मूल, दप्तर, भाजीची पिशवी बसते. इंजिन मागे असल्याने डिकी पुढे असते, तिच्यात दोन केबिन बॅगा जातात. दोनच सीटच्या गाडीत पहिल्या महिन्यात घरातलं कोणीतरी विचारतं, मग मी कुठे बसू.

चाकं लहान घ्या. एकाच मॉडेलवर १९ आणि २० इंची चाकांचा पर्याय असेल तर १९. टायरची भिंत जितकी जाड तितका खड्डा सोसला जातो. सिरॅमिक ब्रेक शहरात वाया आहेत. थंड असताना करकरतात आणि बदलायचं बिल छातीत धडकी भरवतं.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक यावर मी वाद घालत नाही. रोज वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर दीड तास काढायचा असेल तर ऑटोमॅटिक.

४. सेकंडहँड घेत असाल तर

आधी हे सगळं हातात घ्या, मग टोकनचे पैसे द्या:

- मूळ आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी
- मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३०, विक्रेत्याच्या सहीसह
- गाडीवर कर्ज होतं तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५
- बाहेरच्या राज्याची गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८
- सर्व्हिसचा पूर्ण इतिहास, कंपनीच्या सिस्टीममधून काढलेला. नुसती शिक्क्यांची वही नको
- दोन्ही चाव्या, व्हीललॉकची (चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून लावलेल्या नटांची) खास सॉकेट, टायर दुरुस्तीचा किट, टो हुक

व्हीललॉकची सॉकेट हरवलेली असते आणि ती आठवते तेव्हा तुम्ही रात्री अकराला पंक्चर घेऊन सायनला उभे असता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्या. इंजिन किती वेळा मर्यादेबाहेर फिरवलं, याची नोंद पोर्शच्या कॉम्प्युटरमध्ये राहते. तो रिपोर्ट मागा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर नवा दिसला तरी सहा वर्षं जुना असेल तर बदलायचे पैसे किमतीतून कापा. सीटचे रूळ, कार्पेटखालचा पत्रा, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याचं शेवटचं टोक, इथे गंज किंवा वाळलेला गाळ दिसला तर गाडी पाण्यात जाऊन आलेली आहे. पाठ फिरवा.

५. नंबरप्लेटचा मोह

स्वस्त सेकंडहँड सुपरकार बघितली की बऱ्याचदा प्लेट पुदुच्चेरी, झारखंड किंवा हिमाचलची दिसते. कारण सरळ आहे. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के एकरकमी कर लागतो, आणि या कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली आहे. कंपनीच्या नावावर दर २० टक्के.

पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. म्हणजे विक्रेत्याने वाचवलेला कर तुमच्या गळ्यात येतो. इथला कर आधी भरायचा, जुन्या राज्याकडून परतावा नंतर मागायचा, आणि त्या परताव्याच्या भरवशावर ईएमआय ठरवायचा नाही. तुमचं आरटीओ ताडदेव, अंधेरी, वडाळा की बोरिवली ते पत्त्यावरून ठरतं. गाडी बघायला जाण्याआधीच तिथे कराचा अंदाज काढून या आणि तो किमतीत धरून घासाघीस करा.

नवी घेताना १० लाखांवरच्या किमतीवर १ टक्का टीसीएसही, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो, रिटर्न भरताना वळता करून घ्या.

हायसिक्युरिटी प्लेट पुढे-मागे दोन्ही हवी. पुढची प्लेट काढून डॅशबोर्डवर ठेवणारे महाभाग आहेत. नाकाबंदीत सगळ्यात आधी तीच गाडी बाजूला घेतात.

६. विम्यात काय घ्यायचं

झीरो डेप्रिसिएशन (पार्टची घसारा न कापता भरपाई), इंजिन प्रोटेक्ट, टायर आणि रिम कव्हर, रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण बाद झाली तर बिलाची किंमत). यातलं इंजिन प्रोटेक्ट मुंबईत ऐच्छिक समजू नका. पाणी सिलिंडरमध्ये गेलं की ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, आणि बंद पडलेली गाडी तुम्ही पुन्हा स्टार्ट केली असेल तर वाद आणखी वाढतो.

पॉलिसीत टोइंगची मर्यादा किती रुपयांची आहे तेही वाचा. गाडी फ्लॅटबेडवरूनच, म्हणजे सपाट ट्रकवर पूर्ण चढवूनच न्यायची असते आणि त्याचं भाडं साध्या टोइंगपेक्षा बरंच जास्त असतं.

७. पेट्रोल

टाकीच्या झाकणाआत किमान ऑक्टेन आणि इथेनॉलची मर्यादा लिहिलेली असते. एक्सपी९५, स्पीड ९७, पॉवर ९५, एक्सपी१०० यातलं त्यात बसणारं कुठल्या पंपावर मिळतं ते घराजवळ आणि ऑफिसजवळ एकेक शोधून ठेवा. साधं पेट्रोल आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. गाडीवर ई१० लिहिलं असेल तर सर्व्हिस सेंटरला लेखी विचारा. भरताना खाली उतरून नोझल स्वतः बघा, सवयीने साधं भरलं जातं.

८. ट्रॅफिकमध्ये क्लच वाचवा

ड्युअल क्लचची गाडी ऑटोमॅटिक वाटते, पण आत क्लचच असतात. इंच-इंच सरकताना ते अर्धवट चिकटून घासत राहतात आणि तापतात. युक्ती साधी आहे: पुढच्या गाडीला जाऊ द्या, दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एका दमात पुढे या. त्या जागेत कोणीतरी घुसणारच. घुसू द्या. चढावर, उदाहरणार्थ फ्लायओव्हरच्या तोंडाशी, गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. ब्रेक दाबून ऑटो होल्ड लावा, म्हणजे पाय काढला तरी गाडी जागेवर थांबते.

गणपतीत विसर्जनाच्या दिवशी ही गाडी बाहेर काढायची नाही. लालबाग, गिरगाव लांब राहिलं, आपल्या कोपऱ्यावरच्या मिरवणुकीत अडकलात तरी तासभर रेडिएटरचा पंखा घरघरत राहतो, गुलाल गाडीच्या फटीफटीत जातो आणि ढोलपथकातली मुलं बॉनेटला टेकून फोटो काढतात. त्यांचं काही चुकत नाही, त्या दिवशी रस्ता त्यांचाच.

९. पावसाळा

जून ते सप्टेंबर सकाळी दोन गोष्टी बघायच्या: हवामान खात्याचा इशारा आणि भरतीची वेळ. नुसता मुसळधार पाऊस मुंबई सोसते. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही. अशा भरतीच्या तारखा पालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि जमेल तर त्या दिवशी लोकल किंवा मेट्रो पकडा. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं तुम्हाला पाठ आहेतच. या गाडीसाठी त्यात तुमच्या गल्लीचं तोंडही धरा. अडकलात तर पालिकेचा आपत्कालीन नंबर १९१६.

पाणी किती चालेल? माझा नियम: पुढच्या गाडीच्या रिमला पाणी लागलेलं दिसलं की वळायचं. समोरून बेस्टची बस आली तर तिची लाट तुमच्या बॉनेटवर येते, हेही हिशेबात धरा. इंजिन मागे आहे म्हणून बिनधास्त राहू नका. खालचे प्लॅस्टिकचे अंडरट्रे पाण्याच्या दाबाने निसटतात आणि ओढत येतात. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर स्टार्टच्या बटणाला हात लावायचा नाही. इग्निशन बंद, खाली उतरा, फ्लॅटबेड बोलवा.

मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी-फेसवर भरतीच्या लाटा अंगावर घेतल्या असतील तर त्याच दिवशी गाडी खालूनसुद्धा गोड्या पाण्याने धुवा. खारं पाणी ब्रेक डिस्क आणि ॲल्युमिनियमच्या जोडांवर बसतं.

१०. टायर आधी मागवून ठेवा

जून २०२० पासून मोटारीच्या टायरची आयात परवान्याखाली गेली. त्यामुळे ३०५/३० आर२० सारखे साइझ कधी मिळतात, कधी महिनोन् महिने मिळत नाहीत. मागचे टायर अर्धे झिजले की चौकशी सुरू करा. पोर्शसाठी बनवलेल्या टायरवर एन० किंवा एन१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूसाठी तारा. दोन्ही बाजूंना सारखीच खूण असलेले घ्या. खड्ड्यात जोरात आदळली तर त्याच संध्याकाळी टायरची आतली भिंतही बघा. तिथे फुगवटा आला असेल तर बाहेरून काही दिसत नाही आणि एक्सप्रेसवेवर टायर फुटतो.

११. वेग, आवाज आणि बघे

किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणांवर आणि चढ-उतारांवर ४०. सागरी सेतूवर ८०, अटल सेतूवर १००. कॅमेरे सगळीकडे आहेत आणि ई-चलन मुकाट्याने घरी येतं. महिन्यातून एकदा महाट्रॅफिक ॲपवर तपासत जा.

बोगद्यात काच खाली करून एक्झॉस्ट ऐकायचा मोह सगळ्यांना होतो. कंपनीने दिलेला स्पोर्ट एक्झॉस्ट असेल तर ठीक, बाहेरून बसवलेला असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत बेकायदा बदल ठरतो. सोसायटीत रात्री शिरताना स्पोर्ट मोड बंद ठेवा. थंड इंजिन सुरू होताना मोठ्याने खाकरतं, त्याला इलाज नाही. पहाटे निघणार असाल तर शेजारच्या काकांना आधी सांगून ठेवा, तक्रार निम्मी होते.

बाइकवाले व्हिडिओ काढायला अगदी चिकटून येतात. अशा वेळी वेग वाढवू नका, कमी करा आणि इंडिकेटर देऊन डावीकडे व्हा. मनासारखा व्हिडिओ मिळत नाही म्हटल्यावर ते निघून जातात. सिग्नलला मायलेज विचारणाऱ्याला खरं सांगा. शहरात पाच-सहा म्हटलं की तो स्वतःच्या गाडीवर खूश होऊन जातो.

हॉटेलात व्हॅले असेल तर चावी देण्याआधी व्हॅले मोड (दुसऱ्याच्या हाती गाडी देतानाचं मर्यादित सेटिंग) लावा आणि नाक उचलणाऱ्या लिफ्टचं बटण त्या मुलाला दाखवा. शक्य असेल तिथे गाडी स्वतःच लावा. दहातल्या नऊ ठिकाणी मॅनेजर आनंदाने दारासमोरची जागा देतो, कारण त्यालाही ती तिथेच उभी हवी असते.